इ. स. १८६५ चा मुंबईचा शेअर-सट्टा आणि नाशिक प्रांत

शके १७८७, म्हणजे इ. स. १८६५, च्या जुलै महिन्याची पहिली तारीख मुंबईच्या व्यापारी मंडळींच्या स्मरणांत पिढ्यान् पिढ्या राहिली. शेअरांच्या वायद्याच्या सौद्यांचा मोठा भरणा त्या दिवशीं व्हावयाचा होता. तो झाला नाहीं. ज्यानें पैसे द्यावयाचे त्यास ते दुसऱ्याकडून यावयाचे होते, त्या दुसऱ्यास तिसऱ्याकडून. आणि शेवटच्या माणसाजवळ कागदाखेरीज कांहीं नव्हतें. या प्रलयाची हकीकत दिनशा एदलजी वाच्छा यांनीं १९१० सालीं इंग्रजींत स्वतंत्र पुस्तक लिहून सांगितली आहे. परंतु ती, व तिच्या आधारें पुढें जें जें लिहिलें गेलें तें बहुतेक, मुंबईकरांची हकीकत आहे. कसारा मागें टाकून थळघाट चढल्यावर पुढील मुलखांत या सट्ट्याचे काय परिणाम झाले, इकडे लेखकांचें लक्ष क्वचितच गेलें. नाशिक प्रांतांतील कुणब्यानें एकही शेअर घेतला नव्हता. शेअर म्हणजे काय हें त्यास ठाऊक असण्याचेंही कारण नव्हतें. चांदवडच्या टांकसाळीचा रुपया वाजवून घेणाऱ्या बापाचा तो मुलगा होता. असें असतां त्या सट्ट्याच्या तोट्याचा एक वांटा त्याच्या खात्यावर पडला. तो कोणत्या वाटांनीं पडला, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

आधीं प्रांताविषयीं एक खुलासा केला पाहिजे, कारण पुढें त्याचें काम पडेल. ज्यास आपण नाशिक जिल्हा म्हणतों तो इ. स. १८६९ पूर्वीं अस्तित्वांत नव्हता. सिन्नर, निफाड, चांदवड, दिंडोरी, येवलें हे तालुके अहमदनगरच्या कलेक्टराच्या अमलाखालीं होते. मालेगांव, बागलाण, नांदगांव खानदेशांत मोडत. १८६९ सालीं हे दोन तुकडे जोडून नवा जिल्हा केला. तेव्हां सट्ट्याच्या काळीं, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, सिन्नरचा रयत व संगमनेरचा रयत एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते.

मुंबईंत काय घडलें तें थोडक्यांत सांगतों. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेकडील बंदरें अडविलीं. लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. १८६२ च्या हिवाळ्यांत तेथील हजारों मजूर धर्मादायाच्या अन्नावर जगत होते. त्याच वेळीं, त्याच कारणानें, मुंबईच्या बाजारांत कापसाच्या खंडीचा भाव चार-पांच पटींनीं चढला. पूर्वीच्या भावानें जें मिळालें असतें त्याहून सत्तर-पंचाहत्तर कोटी रुपये त्या चार-पांच वर्षांत मुंबईस अधिक आले, अशी त्या काळच्या जाणत्यांची गणना आहे. हा पैसा कामास लावावयास मुंबईंत पुरेसे उद्योग नव्हते. म्हणून उद्योगांऐवजीं कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारींत शहरांत ३१ बँका, १६ 'फायनान्शियल असोसिएशनें' आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या ८ कंपन्या होत्या. त्यांत बॅक बे कंपनीचें नांव सर्वतोमुखीं होतें. पांच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरांचा लिलाव झाला तेव्हां चारशें शेअरांस एक कोटी सहा लक्ष रुपये आले! ज्या जमिनीची ही किंमत, ती अद्याप पाण्याखालीं होती. गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचें, म्हणजे भरतीच्या ऐन भरांतलें आहे. ओहोटीचें वर्णन लिहावयास ते राहिले नाहींत, १८६५ सालींच वारले. डॉक्टर भाऊ दाजींसारखा विद्वान् व परोपकारी पुरुषही या भोंवऱ्यांत सांपडून निर्धन झाला, यावरून इतरांची स्थिति काय झाली असेल तें समजावें.

या सर्वांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची संस्था म्हणजे बँक ऑफ बाँबे. ही १८४० सालीं स्थापन झाली. सरकार स्वतः तिचें भागीदार होतें व तिच्या व्यवस्थापक मंडळावर सरकारचे नेमलेले गृहस्थ बसत. १८६२ सालच्या करारानें सरकारी खजिन्याची शिल्लक या बँकेच्या हातीं आली. शिल्लक म्हणजे काय? तालुक्याच्या कचेरींत हप्त्यानें भरलेला जो शेतसारा, त्यांतून खर्च भागून उरलेला जो पैसा शेवटीं मुंबईस जाई, तो. पुढच्याच वर्षीं, १८६३ च्या दहाव्या कायद्यानें, या बँकेचे जुने निर्बंध सैल करण्यांत आले व कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली. मग जें व्हावयाचें तें झालें. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेंत कायद्यासारखा चालूं लागला. ज्या शेअरांचा भाव बँकेच्याच कर्जानें चढला होता तेच शेअर तारण धरून पुन्हां कर्ज दिलें गेलें. १८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि तारणाचे कागद रद्दी झाले. मे १८६६ मध्यें लंडनची ओव्हरेंड गर्नी कंपनी बुडाली तेव्हां उरलेसुरलेही गेलें. बँक १८६८ सालीं बंद करावी लागली. दोन कोटींहून अधिक भांडवलापैकीं जवळ जवळ सर्व नाहींसें झालें होतें. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी बसली. त्याच वर्षीं त्याच नांवाची दुसरी बँक उभी राहिली.

येथपर्यंतची कथा वाच्छांच्या वाचकांस परिचित आहे. आतां घाट चढूं.

पहिली वाट गाड्यांची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६१ सालीं घाटाखालीं कसाऱ्यापर्यंत आला, व त्याच सालीं घाटावर इगतपुरीपासून नाशकावरून चाळीसगांवपर्यंतचा भागही सुरू झाला. मधला थळघाट मात्र १८६५ च्या १ जानेवारीपर्यंत बांधून व्हावयाचा होता. याचा अर्थ असा कीं, कापसाच्या तेजीचीं सर्व वर्षें खानदेशाकडील माल इगतपुरीस आगगाडींतून उतरे, बैलगाडींत चढे आणि घाट उतरून पुन्हां आगगाडींत पडे. या उताराच्या कामावर, घाटांतल्या बोगद्यांच्या व पुलांच्या कामावर, आणि मुंबई-आग्रा सडकेवरील वाहतुकीवर इगतपुरी, नाशिक, सिन्नर, चांदवड भागांतील शेतकऱ्यास व मजुरास अपूर्व रोजगार मिळाला. ज्याजवळ बैलजोडी होती त्यानें दुसरी घेतली. बहुधा कर्ज काढून घेतली, कारण भाडें फेडून देईल असा हिशेब होता. चाकांस चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी त्या काळाविषयीं सांगतात. त्या आम्हांस अतिशयोक्तीच्या वाटतात, व मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनीं त्या अधिक सांगितल्या असाव्यात. तांब्या-पितळेचीं भांडीं, बायकांच्या अंगावर चार तोळे अधिक रुपें आणि गोठ्यांत जादा बैल, एवढें खरें मानण्यास हरकत नाहीं.

१८६५ च्या १ जानेवारीस घाटाचा मार्ग खुला झाला. सहा महिन्यांनीं, १ जुलैस, मुंबई बुडाली. या दोन तारखा एका वर्षांत पडाव्यात हें नाशिक प्रांताचें दुर्दैव होय. एकीनें गाडीवानाचें काम नेलें, दुसरीनें त्याच्या कापसाचा भाव व बांधकामावरची मजुरी नेली. मुंबईस पोट भरण्यास गेलेलेही परत फिरले. शहराची खानेसुमारी १८६४ सालीं ८,१६,५६२ भरली होती, ती १८७२ सालीं ६,४४,४०५ भरली; म्हणजे १,७२,१५७ माणसें कमी. पहिली गणना कांहींशी फुगलेली होती असें मानलें तरी उरलेला आंकडा लहान नाहीं. हीं माणसें कोठें गेलीं? शेअर बुडालेले शेटजी मुंबईंतच राहिले; गेले ते बंदरावरचे हमाल, भरणीवरचे बेलदार, गाडीवान. तीं कोंकणांत व घाटावर, ज्या शेतांचें उत्पन्न आधींच पुरत नव्हतें त्या शेतांवर, परतलीं असलीं पाहिजेत.

रेल्वेच्या कंपनीस मात्र या चढउताराची झळ लागण्याचें कारण नव्हतें. १८४९ च्या करारान्वयें तिच्या भागीदारांस शेंकडा पांच व्याजाची हमी हिंदुस्थान सरकारनें दिली होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरींतून भरून निघे. तिजोरीची मुख्य आवक जमिनीची. एका सट्ट्यांत नफ्याची हमी व दुसऱ्यांत बुडाल्यास चौकशीअंतीं नवी बँक, असे हे दोन प्रकार होते. गाडीवानास अशी हमी कोणी दिली नव्हती.

विणकरांची गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाहीं. येवलें व मालेगांव येथील सुती मागांवर बसणाऱ्यांस तेजीच्याच वर्षांत मार बसला. मालेगांवचे मोमीन विणकर १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आग्रा सडकेनें येऊन स्थायिक होऊं लागले होते. त्यांच्या मागांस जें सूत लागे त्याचा भाव कापसाबरोबर चढला. लुगड्याचा भाव तितका चढविला तर घेणारा नाहीं. लिव्हरपूलच्या भावानें सूत घ्यावयाचें व आठवड्याच्या बाजाराच्या भावानें लुगडें विकावयाचें, या कातरींत तो सांपडला. शेतकऱ्यास भरतीचा आनंद तरी मिळाला. विणकरास तोही मिळाला नाहीं.

दुसरी वाट सावकाराच्या वहीची. आमच्या मतें हीच मुख्य. येथें लेखक एकतर सावकारास शिव्या देऊन मोकळे होतात, नाहींतर कुणब्याच्या लग्नखर्चास. दोन्ही मतें अर्धवट आहेत. खेड्यांतला वाणी किंवा मारवाडी स्वतःच्या पैशानें फारच थोडें देवघेवीचें काम करी. त्याची मदार नाशिक-येवल्याच्या पेढीवर, तिची मुंबईच्या सराफावर. मुंबईंत पैसा उतूं जाऊं लागला तेव्हां हुंडीच्या वाटेनें तो घाटावर आला व खेड्याच्या वहींत उतरला. जमाबंदीच्या नव्या पद्धतीनें जमीन खातेदाराच्या नांवें झाली होती व विकतां-गहाण ठेवतां येत होती; कापसानें तिला किंमत आणली होती. सावकार दारीं येऊन घ्या म्हणत होता. त्यानें दिलें तें मुंबईच्या भावावर दिलें, व कुणब्यानें घेतलें तेंही त्याच भावावर घेतलें. १८६५ नंतर वरून मागणी आली. मुंबईच्या सराफानें नाशिकच्या पेढीकडे हात पसरला, पेढीनें वाण्याकडे, आणि वाण्यानें कुणब्याकडे. कुणब्याच्या पुढें हात पसरण्यास कोणी नव्हतें. १ जुलैस मुंबईंत जी सांखळी तुटली, तीच घाटावर शाबूत राहिली; कारण येथें शेवटच्या कडीस जमीन बांधलेली होती.

आतां कायद्याकडे वळूं. शेंकडा बाराची जुनी व्याजमर्यादा १८५५ च्या अठ्ठाविसाव्या कायद्यानें गेली होती. दामदुपटाचा धर्मशास्त्राचा निर्बंध, म्हणजे एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज घेऊं नये हा नियम, आमच्या इलाख्यांत कोर्टें मानीत. परंतु १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यास तीन वर्षांची मुदत घालून त्याचा जीव काढून घेतला. हेतु ऋणकोचें रक्षण हा होता. परिणाम काय झाला तें एका उदाहरणानें दाखवितों. शंभर रुपये दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतले असें धरूं. तीन वर्षांत व्याज बहात्तर होतें. मुदत संपण्यापूर्वीं सावकार नवें खत करून घेतो, त्यांत मुद्दल एकशें बहात्तर. आणखी तीन वर्षांनीं तिसरें खत सुमारें दोनशें शहाण्णवांचें, व नवव्या वर्षअखेर देणें पांचशें नऊ. प्रत्येक खतांत व्याज मुद्दलाहून कमीच, म्हणून दामदुपटाचा भंग कोठेंच नाहीं! जुन्या रिवाजानें कितीही वर्षें लोटलीं तरी एका वेळीं दोनशेंवर मागतां येत नव्हतें. १८६४ च्या तेजींत घेतलेलें शंभराचें कर्ज १८७३ सालीं पांचशेंचें झालें तें असें. सावकार दावा लावी, कुणबी कोर्टांत हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. आणि तो बजावतांना जमीन, बैल व प्रसंगीं खुद्द ऋणको यांवर जप्ती येई, कारण दिवाणी देण्यासाठीं तुरुंग तेव्हां चालू होता.

याच्या शेजारीं दुसरा एक कायदा ठेवून पाहावा अशी वाचकांस आमची विनंति आहे. मुंबईच्या सट्टेवाल्यांची दिवाळीं निघूं लागलीं त्याच सालीं, १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा झाला. त्यानें बुडालेल्या व्यापाऱ्यास नादारीच्या कोर्टाची दीर्घ वाट टाळून, बहुसंख्य धनकोंच्या संमतीनें, आपली मालमत्ता विश्वस्तांच्या स्वाधीन करून देण्याघेण्याचा एकदम निकाल लावून घेण्याची सोय केली. प्रेमचंद रायचंद यांचीही व्यवस्था विश्वस्तांमार्फतच लागली. हा कायदा वाईट होता असें आमचें म्हणणें नाहीं, शहाणपणाचाच होता. इतक्या जणांचें देणें एकमेकांत गुंतलें असतां प्रत्येकास तुरुंगांत घालून कोणाचाच लाभ नव्हता, हें सरकारनें ओळखलें, व महिन्यांच्या आंत ओळखलें. हेंच तत्त्व कुणब्याच्या कर्जास लागू आहे हें ओळखण्यास त्याच सरकारास चौदा वर्षें लागलीं.

मधल्या काळांत तिसऱ्या वाटेनेंही ओझें आलें. या भागांतील पहिली मोजणी-जमाबंदी १८४० नंतरच्या वर्षांत झाली होती, व तीस वर्षांची तिची मुदत १८७० नंतरच्या दशकांत संपत गेली. फेरजमाबंदीचे अधिकारी धारा ठरवितांना भाव पाहत, बाजार पाहत, रेल्वेचें स्टेशन किती कोसांवर आहे तें पाहत. भाव पाहावयाचे ते मागच्या वर्षांचे. आणि मागच्या वर्षांत तेजीचीं वर्षें होतीं. याच पद्धतीनें पुणें जिल्ह्यांत इंदापुरास १८६७ सालीं धारा चढला होता. सट्टा गेला, भाव उतरले, आणि त्या भावांची आठवण तेवढी सरकारी दप्तरांत तीस वर्षांसाठीं नोंदली गेली. वाढ किती बेसुमार होत होती याचा पुरावा सरकारनेंच दिला आहे: १८७४ सालीं मुंबई सरकारनें ठराव करून वाढीस मर्यादा घातली, ती एका गटास शेंकडा ३३, एका गांवास ६६ व एका खातेदारास १०० अशी होती. शंभर टक्के ही जेथें मर्यादा, तेथें मर्यादेपूर्वींची गोष्ट काय विचारावी!

१८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस भीमथडी तालुक्यांत सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगा झाला, व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख खतांवर होता. वही दिली तर सावकारास सहसा धक्का लागत नसे. न दिली तर घर जळे. सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, त्याचा अहवाल १८७६ सालीं झाला, आणि अमेरिकन युद्धाच्या काळीं फुगलेली पत व नंतर ती आंखडल्यानें आलेली ओढ हें कारण त्या अहवालांत स्पष्ट मांडलें आहे. कुणब्यानें जो कागद जाळला तो गांवच्या वाण्याचा होता. ज्या कागदांपासून तो जन्मला ते कोटांतल्या पेढ्यांत होते. तेथवर त्याची दृष्टि पोंचणें शक्य नव्हतें. आणि जो वाणी घर सोडून पळाला तोही त्या पेढ्यांच्या देण्याखालीं दबलेला होता, हें दंग्याच्या वर्णनांतून बहुधा वगळलें जातें.

नाशिक जिल्हा शांत राहिला. या शांततेचा अर्थ येथें कर्ज कमी होतें असा कित्येक करतात. आम्हांस तो पटत नाहीं. गोदावरी-कादव्याच्या कांठचीं निफाडचीं गव्हाचीं शेतें सधन होतीं, हें खरें; पण सिन्नर व येवल्याच्या पूर्वेकडील माळ हा नगरच्या माळासारखाच, पाऊस तसाच अनिश्चित, वहीची पद्धत तीच, कायदा तोच. दंगा कोठें पेटतो व कोठें पेटत नाहीं हें पुष्कळदां कर्जाच्या आंकड्यांवर अवलंबून नसतें.

परंतु शांततेचें फळ मिळालें तें असें. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें कोर्टास खताच्या मागें जाऊन मूळ मुद्दल किती व त्यांत व्याज किती मिसळलें हें पहिल्या खतापासून तपासण्याचा अधिकार दिला. हप्ते बांधून देण्याची सोय केली. विशेष गहाण नसेल तर जमीन विकण्यास मनाई केली. आणि देण्यासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालणें बंद केलें. वर दाखविलेला पांचशें नवांचा हिशेब या कायद्यापुढें टिकला नसता. हा कायदा चार जिल्ह्यांस लागू झाला: पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर. नाशिकचें नांव त्यांत नाहीं. माधवराव रानडे त्याच्या आदल्याच वर्षीं नाशकास न्यायाधीश होऊन आले होते. त्यांच्यासमोर जीं खतें येत तीं जुन्याच कायद्यानें निवाडावयाचीं होतीं.

दहा वर्षांपूर्वीं जिल्ह्याची रेघ संगमनेर व सिन्नर यांच्यामधून गेली नसती, तर सिन्नर तालुका त्या यादींत आपोआप आला असता. १८६४ सालीं एकाच कापसाच्या भावावर, एकाच जिल्ह्याच्या हद्दींत, सारख्याच व्याजानें खत लिहून दिलेले दोन शेतकरी घेतले, तर १८८० सालीं संगमनेरच्या हद्दींतला आपलें खत उलगडून दाखवूं शकत होता, आणि बांधापलीकडचा सिन्नरच्या हद्दींतला त्याच खतावर तुरुंगांत जाऊं शकत होता.